दुखणे उशिरा येते, नाव बदलून येते

गेल्या महिन्यात एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. दोन महिन्यांतली ही चौथी खेप. "औषध हाय तवर बरं असतंय, संपलं की पुन्हा सुरू," त्या म्हणाल्या. छातीत घरघर होतीच. औषध लिहिता लिहिता मी सहज विचारले, "आजी, घराजवळ कुणी काही जाळतं का?"

"रोज सकाळी बोळाच्या तोंडाला कचरा पेटवत्यात की. त्याचं काय?"

हा प्रश्न मी पहिल्याच खेपेला विचारायला हवा होता.

वाचकहो, हवा, पाणी आणि जमीन असे प्रदूषणाचे तीन प्रकार आपण शाळेत पाठ केले. पण "डॉक्टर, मला प्रदूषण झालंय" असे सांगत कोणी रुग्ण येत नाही. खोकला येतो, कावीळ येते, जुलाब येतात. कारण आज घडते, दुखणे आठवड्यांनी किंवा वर्षांनी येते, आणि तेही दुसऱ्याच नावाने. त्यामुळे दोहोंची गाठ पडत नाही आणि खरा दोषी सुटून जातो.

पाणी

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ती 'हेपॅटायटिस ई' या विषाणूची होती. हजारो लोक आजारी पडले, अनेक दगावले. त्या दिवसांत माझ्याकडे सात महिन्यांची एक गरोदर मुलगी आली. अन्न नको वाटते, मळमळते, एवढीच तक्रार. गरोदरपणात असे होतेच, असे समजून मी पित्ताचे औषध देऊन तिला घरी पाठवले. तीन दिवसांनी तिला पुन्हा आणले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते. तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवले. ती वाचली, बाळ वाचले नाही. ही चूक मी विसरलेलो नाही.

हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून सांडपाण्यात आणि तेथून पिण्याच्या पाण्यात उतरतो. पंचगंगेत वर्षानुवर्षे गावांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे. शिवाय नळाचे पाणी बंद असते तेव्हा रिकामा पाइप एखाद्या फटीतून शेजारच्या गटारातले पाणी आत ओढून घेतो. पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. एवढ्या दिवसांपूर्वी नळाला गढूळ पाणी आले होते, हे कोणाच्या लक्षात राहणार? बहुतेक रुग्ण विश्रांतीने बरे होतात. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. म्हणून गरोदर बाईची भूक गेली, लघवी गडद पिवळी झाली, तर गावठी औषधात दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जमीन

उसाला जास्त खत घातले की जास्त टन पडेल, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पिकाला न लागलेला युरिया जमिनीतच राहत नाही. त्याचे नायट्रेट होते आणि ते पाण्याबरोबर झिरपत विहिरीत, बोअरमध्ये उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन बाळ निळे पडू शकते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. अंगावरचे दूध हाच तान्ह्या बाळाचा खरा बचाव.

हवा

ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते. ती डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिच्या नावाने ओरडतो. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा आहे. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहून लहान असे हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दमा तर वाढतोच, पण हृदयविकार आणि पक्षाघातालाही ते हातभार लावतात. कचऱ्यातले प्लॅस्टिक जळाले की त्यात विषारी वायूंची भर पडते. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, विडीला कधी हात न लावलेल्या कितीतरी आजींची छाती मी सराईत विडी ओढणाऱ्यासारखी झालेली पाहिली आहे.

काय करावे?

१. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळून प्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, फडक्याने कचरा अडतो. विषाणू दोन्हींना दाद देत नाही.

२. नळाला गढूळ किंवा वास येणारे पाणी आले, तर तारीख लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करून पोच घ्या. अनेक घरांच्या तारखा जुळल्या की फुटका पाइप सापडतो.

३. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पीत असाल, तर त्यातील नायट्रेट तपासून घ्या. माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका.

४. पाचट जाळू नका, सरीतच कुजवा. ओल टिकते, जमिनीला सेंद्रिय खत मिळते.

५. डॉक्टरांकडे गेलात की दुखण्याबरोबर पाणी कुठले पिता, घरात चूल आहे का, शेजारी काय जळते, हेही सांगा. आम्ही विचारले नाही तरी सांगा.

एकट्याने काय होणार, असे पुष्कळ जण म्हणतात. पाण्यासाठी १९७४ मध्ये आणि हवेसाठी १९८१ मध्ये कायदा झाला, तरीही नदीची अवस्था आपण पाहतोच. पण ठरवले तर होते, याचाही दाखला आहे. पेट्रोलमधले शिसे मुलांच्या मेंदूला घातक असल्याचे पटल्यावर २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले.

त्या आजींनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. बोळातल्या बायकांना घेऊन त्या रोज घंटागाडीपाशी उभ्या राहू लागल्या. आता तिथे कचरा पेटत नाही. नातवाला अजून पंप घ्यावा लागतो, पण गेल्या खेपेला आजी म्हणाल्या, "रातीचा झोपतोय आता."