चढणीवरची विजेची सायकल

कोरेगाव तालुक्यातील कल्याणगडाच्या गुहेत पार्श्वनाथांची मूर्ती आहे. गडाच्या पायथ्यापर्यंत विजेच्या सायकलीने जाण्याचा मोह तरुणांस होतो, आणि चढासाठी मिड-ड्राइव्ह मोटर खरोखरच उत्तम. ती चाकात नसून पॅडलच्या आसाशी असते. तिचा सारा जोर साखळी व गिअरमधूनच मागील चाकास मिळतो. म्हणूनच साखळी लवकर ताणते. ती वेळीच न बदलल्यास दातेरी चक्रेही झिजतात, आणि थकलेल्या हप्त्याप्रमाणे खर्च वाढत जातो.

जड गिअरमध्ये चढ रेटल्यास मोटर मंद फिरते, वीज अधिक ओढते व तापते. चढापूर्वीच हलका गिअर घ्यावा. बदलताना पॅडलवरील दाब क्षणभर कमी करावा. धुताना मोटरीवर जोराचा फवारा मुळीच नको, पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

२५० वॅटच्या आतील मोटर व ताशी २५ किलोमीटरच्या आतील वेग असलेल्या सायकलीस नोंदणी लागत नाही. हौसेने १००० वॅटची मोटर बसविली, तर कायद्याने ते मोटार वाहन ठरते. मग नोंदणी व विम्याविना अपघात झाल्यास भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते.