नाल्याचा पूर मोजायचा कसा?

पावसाळ्यात नांदेडकरांचे लक्ष असते ते विष्णुपुरी प्रकल्पाच्या दरवाजांकडे. किती दरवाजे उघडले आणि किती क्युसेक पाणी सुटले, यावर गोदाकाठच्या वस्त्यांची झोप अवलंबून असते. लातूरकरांना ही चिंता नाही. मांजरा शहराबाहेरून वाहते आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहराची ओळख टंचाईशीच जोडली गेली आहे. तरीही तासभर मुसळधार पाऊस झाला, की दोन्ही शहरांत सखल भागातील घरांत पाणी शिरते. हे पाणी बहुतेक वेळा घरामागून वाहणाऱ्या नाल्याचे असते. त्याचा अंदाज आधी बांधता येतो का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दोन पूर, दोन स्वभाव

नदीचा पूर सावकाश येतो. जायकवाडीतून सोडलेले पाणी नांदेडला पोहोचण्यास एका दिवसाहून अधिक काळ लागतो. येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी पूर्णा नदीतून येते, त्याचीही पूर्वसूचना मिळते. नाल्याचे पाणलोट क्षेत्र मात्र दोन-चार चौरस किलोमीटरचे असते. त्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस अर्ध्या-पाऊण तासात वस्तीत पोहोचतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने घातलेला हाहाकार हे याचे ठळक उदाहरण होय. एरवी गटारासारखा वाटणारा हा ओढा काही तासांत माणसे आणि वाहने घेऊन गेला.

नांदेडमध्ये या दोन पुरांची गाठ पडण्याचा धोका असतो. गोदावरीची पातळी चढली, की शहरातील नाल्यांची मुखे पाण्याखाली जातात. वरून येणारे पाणी नदीत उतरू शकत नाही, उलट नदीचेच पाणी नाल्यातून मागे वस्तीत शिरते. अशा वेळी शहरात मध्यम पाऊस झाला तरी तो पुरेसा ठरतो.

साधे गणित

नाल्यातून जास्तीत जास्त किती पाणी येईल, हे काढण्याची स्थापत्य अभियंत्यांची एक जुनी रीत आहे. पाणलोट क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा हिस्सा, या तीन गोष्टींचा गुणाकार करायचा.

उदाहरणादाखल २०० हेक्टर पाणलोटाचा नाला घेऊ. ताशी ६० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत आहे. पाणलोटात शेते असतील आणि पाण्याचा ३० टक्के हिस्सा वाहून जात असेल, तर नाल्यात सेकंदाला सुमारे दहा हजार लिटर पाणी येईल. त्याच जागी सिमेंटचे रस्ते, फरशी घातलेली अंगणे आणि गच्च्या आल्या व वाहणारा हिस्सा ७५ टक्क्यांवर गेला, तर तोच पाऊस पंचवीस हजार लिटर पाणी आणील. एक मीटर व्यासाचे तीन सिमेंटचे पाइप टाकून बांधलेल्या पुलाखालून मात्र सेकंदाला साधारण पाच हजार लिटरच पाणी जाऊ शकते. उरलेले पाणी रस्त्यावर आणि तेथून घरात येते. पाइपात प्लास्टिक व राडारोडा अडकला असेल, तर पाच हजारही जात नाही.

मराठवाड्यात यात काळ्या जमिनीची भर पडते. जूनमध्ये ही जमीन भेगाळलेली असते, पहिले पाऊस ती पिऊन टाकते. सप्टेंबरपर्यंत ती फुगून भेगा बुजतात, पाणी मुरण्याचा वेग मंदावतो आणि त्याच पावसाचा कितीतरी मोठा हिस्सा वाहू लागतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत शहरी भागासाठी हा हिस्सा ९५ टक्क्यांपर्यंत धरावा, असे सुचविले, ते उगीच नव्हे.

पावसाचा आकडा कोणता धरायचा, हाही कळीचा मुद्दा आहे. दिवसभराच्या पावसाची सरासरी येथे उपयोगाची नाही, तासाभराची किंवा पंधरा मिनिटांची तीव्रता हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि हसनाळसारख्या गावांत जीवितहानी झाली. तेवढा पाऊस नांदेड किंवा लातूर शहरावर पडला तर काय होईल, याचा हिशेब आजच मांडायला हवा.

नकाशा आणि आठवण

पाणी किती येईल हे कळल्यावर ते कोठवर चढेल, हे पाहायचे. घर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, याला येथे फारसे महत्त्व नाही. जवळच्या नाल्याच्या तळापासून ते किती उंच आहे, हे पाहावे लागते. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ सारख्या उपग्रहांनी उंचसखलपणाचे नकाशे दिले असून त्यांवरून सखल पट्टे ढोबळमानाने ओळखता येतात. पण त्यांत काही मीटरची चूक संभवते आणि घरात पाणी शिरते ते हात-दीड हाताच्या फरकाने. म्हणून प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही. तिच्या जोडीला भिंतींवरील जुन्या पुराच्या खुणा आणि वस्तीतील वयोवृद्धांच्या आठवणीही नोंदवाव्यात. बुजवलेल्या ओहळाचा मूळ मार्ग अनेकदा त्यांनाच ठाऊक असतो.

पंचवीस वर्षांचा फसवा शब्द

महाराष्ट्रात नद्यांसाठी निळी व लाल पूररेषा आखली जाते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ असा पूर एकदा येऊन गेला की पुढली पंचवीस वर्षे निश्चिंती, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता चार टक्के, एवढाच त्याचा अर्थ. निळ्या रेषेच्या कडेवर वीस वर्षांच्या कर्जाने घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता ५६ टक्के होते. लाल रेषेच्या कडेवरही ती १८ टक्के असते.

हाच हिशेब नाल्यांनाही लागू करायला हवा. प्रत्येक नाल्याचे पाणलोट क्षेत्र, त्यावरील प्रत्येक पुलाची वहनक्षमता आणि दोन्ही काठांची उंची, एवढी माहिती जमविणे महापालिकांच्या आवाक्याबाहेरचे नाही. नांदेडला विष्णुपुरीतच अभियांत्रिकीची मोठी संस्था आहे, लातूरमध्येही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. एका उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या मदतीने हे काम मार्गी लागू शकते. शहरांत दर चार चौरस किलोमीटरमागे एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, ही २०१० ची सूचनाही त्याबरोबर अमलात आणावी.

तोवर नागरिकांनी एवढे करावे: भूखंड किंवा तळमजल्यावरचे घर घेताना उताराच्या वरच्या बाजूने एक फेरी मारावी. पाणी कोठून येते, कोणत्या पुलाखाली अडते आणि पूल तुंबला तर कोणत्या गल्लीत वळते, हे पाहावे. दहा वर्षांपूर्वी पुरेसा असलेला नाला वरची शेते बिनशेती झाल्यावर अपुरा पडतो. रुंदी तीच राहिली तरी त्यात येणारे पाणी वाढलेले असते.