हक्क ग्राहकाचा, जबाबदारीही त्याचीच

जबलपूरच्या खमरिया येथील दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. आज तो पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीचा भाग आहे. तयार माल कारखान्याने स्वतः तपासला, तरी संरक्षण खात्याच्या वेगळ्या यंत्रणेने तो पारखायचा, ही तेथील जुनी पद्धत. पारखून घेण्याची ही शिस्त अंगवळणी पडलेल्या वसाहतीतही घरासाठी संगणक घेताना किंमत आणि सवलत यांपलीकडे चौकशी क्वचितच होते. देशात इतरत्र तरी वेगळे काय घडते?

वस्तू पारखण्याचा भार खरेदीदारावर, हे १९३० च्या माल विक्री कायद्याचे मूळ सूत्र. मात्र त्याच्याच सोळाव्या कलमात एक महत्त्वाचा अपवाद आहे: खरेदीदाराने आपला हेतू सांगितला आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या हेतूस योग्य असावी, अशी अट गृहीत धरली जाते. पुढे १९८६ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पारडे ग्राहकाकडे आणखी झुकवले. पूर्वी तक्रार सर्वसाधारणपणे विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा व्यवहार जेथे घडला तेथे करावी लागे. आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपची तक्रार खमरियाचा रहिवासी जबलपूरच्या जिल्हा आयोगात नोंदवू शकतो. मुदत दोन वर्षांची.

परंतु हक्क पुराव्यावर उभा राहतो, आणि पुरावा खरेदीच्या दिवशीच जमवावा लागतो. प्रशासनात सरकारी खरेदीच्या फायली हाताळताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली: ज्या मागणीपत्रात गरज नेमकेपणाने लिहिलेली असे, त्याच खरेदीतला वाद लवकर मिटे. घरगुती खरेदीलाही हेच लागू पडते. संगणक कशासाठी हवा, हे विक्रेत्याला लेखी कळवावे. थोडा कर वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर समाधान मानू नये. पक्क्या बिलावर मॉडेल व अनुक्रमांक असावा आणि तो यंत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. लॅपटॉप, मॉनिटर, अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ने सुरू होणारा तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. रॅम वाढवता येईल का, बॅटरी बदलता येईल का, सुटे भाग कोठे मिळतील, हेही आधीच विचारावे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. पण रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असेल, तर पोर्टल ती वाढवून देणार नाही.

ग्राहकाच्या जबाबदारीची दुसरी बाजू यंत्र निकामी झाल्यावर दिसते. २०१६ च्या ई-कचरा नियमांनी सामान्य ग्राहकाचेही कर्तव्य नेमून दिले होते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत मुख्य भार उत्पादकांवर आहे, आणि ग्राहकांपैकी स्वतंत्र कर्तव्य फक्त मोठ्या वापरकर्त्या संस्थांवर आहे. जुना संगणक भंगारवाल्याला देणाऱ्या कुटुंबाला आता या नियमांचा धाक उरलेला नाही. मात्र उघड्यावर तारा जाळणाऱ्या आणि आम्लात सर्किट बोर्ड बुडवणाऱ्या मजुराच्या फुफ्फुसांना नियमांतील हा बदल ठाऊक नसतो. उत्पादकाची जबाबदारी कागदावर कितीही भक्कम असली, तरी यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रापर्यंत पोहोचलेच नाही, तर ती निष्फळ ठरते.

म्हणून माझे मत असे, की पुढील दुरुस्तीत घरगुती ग्राहकाला पुन्हा नियमांच्या कक्षेत आणावे. दंडासाठी नव्हे, तर जुने यंत्र परत देताना ठरावीक रक्कम मिळण्याच्या हक्कासह. तोवर जुने यंत्र परत घेण्याची सोय काय, हा प्रश्न दुकानात सवलतीच्या प्रश्नाआधी विचारला जावा. ग्राहक विचारू लागले, की विक्रेत्यांना उत्तर तयार ठेवावेच लागते.