गडग्यांच्या आधाराने उभी असलेली वाट

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरियात, मोंतेरोस्सो आणि व्हेर्नात्सा ही दोन गावे शेजारीशेजारी आहेत. बोगद्यातून धावणारी रेल्वे पाचेक मिनिटांत एका गावातून दुसऱ्यात पोचवते. पायी जायचे तर अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण वेळ दोन तासांचा, कारण वाट किनाऱ्याच्या काठाने जात नाही. ती द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागांमधून दगडी पायऱ्यांनी डोंगरावर चढते आणि तशीच उतरते. चिंक्वे तेर्रे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच गावांना जोडणाऱ्या वाटांपैकी ही एक. दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असल्याने वाटाड्याची गरज लागत नाही, मात्र वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी तिकीट काढावे लागते. डोंगर निसर्गाचा, समुद्र सगळ्यांचा, मग चालायचे पैसे कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. प्रश्न रास्त आहे. तरीही हे तिकीट योग्यच आहे असे मला वाटते, कारण ही वाट निसर्गाने दिलेली नाही. ती शेतीने घडवली, आणि शेती टिकली तरच ती टिकेल.

समुद्रातून थेट वर आलेल्या या कड्यांवर सपाट जमीन जवळजवळ नाहीच. गेल्या हजार वर्षांत इथल्या माणसांनी उतार कापून मजग्या केल्या आणि प्रत्येक मजगीला दगडी भिंतीचा आधार दिला. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशीच ही भिंत, चुना किंवा सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून रचलेली. चुना नसणे ही तिची उणीव नाही, उलट ताकद आहे. पावसाचे पाणी मातीत मुरते आणि दगडांच्या फटींतून निथळून जाते, त्यामुळे भिंतीमागे पाण्याचा दाब साठत नाही. पण तिला सतत राखावे लागते. एखादा दगड निसटला, भिंतीला पोट सुटले की तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. शेतावर रोज जाणाऱ्याला हे वेळीच दिसते आणि तो तिथल्या तिथे दुरुस्ती करतो. आज पर्यटक ज्या पायऱ्यांवरून चालतात, त्या मुळात याच माणसांच्या शेतावर जायच्या वाटा. युनेस्कोने १९९७मध्ये हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो माणसाने घडवलेला भूप्रदेश म्हणून. २०१८मध्ये इटलीसह आठ देशांची ही कोरडी भिंत रचण्याची विद्याही युनेस्कोच्या अमूर्त वारशात आली.

ही राखण कशी सुटत गेली, तेही समजून घ्यायला हवे. १८६०च्या दशकात जवळच्या ला स्पेत्सियात नौदलाची मोठी गोदी उभी राहिली आणि १८७४मध्ये जेनोवापर्यंतचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला. रोजंदारीचे, पगाराचे काम हाताशी आले. पाठीवर टोपल्या वाहून पिकवायची शेती पुढच्या पिढ्यांनी हळूहळू सोडली. त्याची किंमत २५ ऑक्टोबर २०११ रोजी दिसली. काही तासांच्या अतिवृष्टीत डोंगर सुटले आणि मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा ही दोन्ही गावे चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली सापडली. माणसे दगावली. पुढच्याच वर्षी रिओमाज्जोरे आणि मानारोला यांच्यामधल्या प्रसिद्ध ‘प्रेमपथा’वर दरड कोसळून पर्यटक जखमी झाले. एक किलोमीटरही लांबी नसलेला तो रस्ता पर्यटकांसाठी पुन्हा खुला व्हायला २०२४ साल उजाडले. कड्याखालची वाट एकदा मोडली की ती परत मिळवणे किती जिकिरीचे असते, हे त्या बारा वर्षांवरून कळते.

यावर एक विचारी आक्षेप असा की शेती गेली तर जाऊ द्यावी, जंगल येईल आणि मुळे माती धरतील. हे अगदीच चुकीचे नाही, फक्त ते दीर्घ काळानंतरचे सत्य आहे. २०११च्या आपत्तीनंतर भूवैज्ञानिकांनी व्हेर्नात्साच्या उतारांची पाहणी केली, तेव्हा सर्वाधिक धोकादायक ठरल्या त्या अलीकडच्या दशकांत पडीक टाकलेल्या मजग्या. तिथे भिंत राखायला शेतकरी उरलेला नसतो आणि माती धरायला झाड अजून मोठे झालेले नसते. ही मधली दशके पार होईपर्यंत उताराखालच्या गावांनी जीव मुठीत धरून राहावे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. खोल्या भाड्याने देऊन मिळणारा पैसा द्राक्षमळ्यापेक्षा जास्त असेल, तर पर्यटकच शेतकऱ्याला शेतातून उठवतो. ही गोष्ट मान्य करावीच लागते. पण म्हणूनच पर्यटकाच्या पैशाचा काही वाटा पुन्हा डोंगराकडे वळला पाहिजे, आणि तिकीट हा त्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. १९९९मध्ये स्थापन झालेल्या इथल्या राष्ट्रीय उद्यानाने युरोपीय संघाच्या मदतीने मानारोलाजवळ पडक्या भिंती पुन्हा रचण्याचा प्रकल्प हाती घेतला, तो याच दिशेचा आहे. तिकिटाचा पैसा नुसत्या कठड्यांवर आणि फलकांवर संपू नये, भिंत रचणाऱ्या हातांपर्यंत पोचावा, असा आग्रह पर्यटकांनीही धरायला हवा.

आग्रह धरणाऱ्याने आपल्या बाजूची जबाबदारीही पाळावी. मोंतेरोस्सोकडून निघाले तर चढ सुरुवातीलाच लागतो, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि पाणी सोबत घ्यावे. पकड असलेले बूट घालावेत. चपला घालून येणारे वाटेत अडकतात आणि त्यांना सोडवायला बचावपथक धावते, म्हणून २०१९मध्ये उद्यानाने ५० ते २५०० युरो दंड जाहीर केला होता. हवामानाच्या गंभीर इशाऱ्यानंतर वाट बंद झाली तर अडथळे ओलांडून जाऊ नये, कारण कोरड्या भिंतीची खरी परीक्षा पावसातच असते. अरुंद जागी समोरच्याला वाट देताना भिंतीवर चढू नये, तिचे दगड हलवू नयेत. खाली उतरल्यावर वाइन घ्यायची तर याच मजग्यांवर पिकलेल्या द्राक्षांची घ्यावी. ती महाग वाटेल, पण तिच्या किमतीत भिंतीची डागडुजीही धरलेली असते. वाटाड्याशिवाय चालण्याचे स्वातंत्र्य इथे मिळते ते भिंती राखणाऱ्यांच्या श्रमावर, आणि ते श्रम फुकट मागण्याचा हक्क पर्यटकाला नाही.