इमारतीत वाट चुकते, तेव्हा चूक कुणाची?

मागच्या वर्षी आजीला घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेले होते. केसपेपर तळमजल्यावर, सोनोग्राफी दुसऱ्या मजल्यावर, तीही शेजारच्या इमारतीत. बाणांच्या पाट्या जागोजागी होत्या. तरी आम्ही फिरून फिरून तीनदा त्याच औषधांच्या दुकानासमोर आलो. पोहोचेपर्यंत आमचा नंबर निघून गेला होता. आजी दमून बाकावर बसली आणि मी स्वतःलाच दोष देत राहिले. एवढं शिकून साध्या पाट्या वाचता येत नाहीत!

नंतर कळलं की या विषयावर रीतसर संशोधन होतं. त्याला 'वेफाइंडिंग' म्हणतात, म्हणजे वाट शोधणं. केविन लिंच यांनी १९६० साली शहरांबद्दलच्या पुस्तकात हा शब्द वापरला, पुढे तो इमारतींच्या अभ्यासातही आला. तुम्ही पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल तर हे संशोधन जरूर बघा. कारण त्यातून एक गोष्ट नीट समजते: दोष कुणाचा, हे तुम्ही आधी मनात जे धरता, तेच तुम्ही मोजायला जाता.

समजा, दोष माणसाचा आहे असं धरलं. मग तुम्ही स्मरणशक्ती आणि दिशेचं भान यांच्या चाचण्या घ्याल. इमारत तुमच्या अभ्यासात येणारच नाही. जेराल्ड वाइजमन यांनी १९८१ मध्ये लक्ष इमारतीकडे वळवलं आणि चार गोष्टी मांडल्या: उभ्या जागेवरून पुढचं किती दिसतं, एक भाग दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो का, पाट्या कशा आहेत, आणि मजल्याचा आराखडा किती सोपा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग जास्त पाट्या लावा, संपला प्रश्न. मलाही तसंच वाटायचं. मायकल ओनील यांनी १९९१ मध्ये नेमकं हेच तपासलं. काही ठिकाणी पाट्या नाहीत, काही ठिकाणी शब्दांच्या पाट्या, काही ठिकाणी चित्रांच्या. आणि आराखडे सोप्यापासून गुंतागुंतीच्या पर्यंत. पाट्यांचा फायदा झाला. पण सगळ्यांत गुंतागुंतीच्या आराखड्यात लोक पाट्या असूनही सोप्या आराखड्यापेक्षा जास्त वेळा चुकीकडे वळले. थोडक्यात, आराखड्याचा दोष पाटी भरून काढू शकली नाही.

पण 'गुंतागुंत' मोजायची कशी? ओनील यांची रीत सोपी आहे. जिथे वळायचं की नाही हे ठरवावं लागतं, असा प्रत्येक नाका घ्या. तिथून थेट किती नाक्यांवर जाता येतं ते मोजा आणि सरासरी काढा. सरळ कॉरिडॉरवर चार नाके असतील तर १, २, २, १. बेरीज ६, सरासरी १.५. तेच चार नाके चौकोनात असतील तर सरासरी २. दोन्ही कर्णांवरूनही रस्ते काढले तर ते मध्ये जिथे छेदतात तोही नाका धरून सरासरी ३.२. हा आकडा वाढतो तशी लोकांच्या डोक्यात आराखडा बसणं अवघड होतं. 'फार गोंधळाची इमारत आहे हो' या तक्रारीचा असा आकडा झाला की तिच्यावर संशोधन करता येतं.

तरी एक प्रश्न उरतोच. एकाच इमारतीत एक जण चुकतो, दुसरा चुकत नाही, असं का? चुकीची वळणं मोजून हे कळत नाही. क्रिस्टोफ हॉल्शर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका बहुमजली कॉन्फरन्स सेंटरमध्ये लोकांना चालता चालता मनातलं मोठ्याने बोलायला लावलं. २००६ साली हा अभ्यास छापून आला. लोक फक्त १२, निम्मे इमारत माहीत असलेले, निम्मे नवखे. त्यांत तीन रीती दिसल्या: ओळखीच्या मधल्या जागेवरून जाणं, मजल्याचा विचार न करता ठिकाणाच्या दिशेने निघणं, आणि आधी योग्य मजला गाठून मग तिथे शोधणं. माहितगार लोक तिसरी रीत जास्त वापरत होते, आणि तिचा उपयोगही चांगला होत होता.

'फक्त १२?' असं व्हायव्हात कुणीही विचारेल. उत्तर असं, की प्रश्न 'किती जण चुकतात' हा असता तर १२ अपुरे होते. पण प्रश्न 'माणूस विचार कसा करतो' हा होता. नमुना किती मोठा हवा, हे प्रश्नावर ठरतं.

करून बघायचं असेल तर तुमच्या डिपार्टमेंटच्या एका मजल्याचा आराखडा कागदावर काढा, नाके मोजा, सरासरी काढा. मग काही जणांना एखादी खोली शोधायला सांगा आणि चुकीची वळणं नोंदवा. त्यांची संमती आधी घ्या. आणि ओळखीचे सीनियर व नुकतेच आलेले विद्यार्थी एकाच गटात घालू नका. नाहीतर फरक आराखड्यामुळे पडला की सवयीमुळे, हे सांगता येणार नाही.

पुढच्या तपासणीला आजीला घेऊन गेले तेव्हा खिडकीवर आधी इमारत आणि मजला विचारला, तो गाठला, मगच पाट्या बघितल्या. नंबर चुकला नाही. अर्थात एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. कदाचित दुसऱ्यांदा गेल्यामुळेही जमलं असेल. पण या वेळी मी स्वतःला दोष दिला नाही, कॉरिडॉरचे नाके मोजत बसले.