घरखर्चाचे अर्थशास्त्र (लेखांक 6) : हप्त्यांआड लपलेली तूट

उत्पन्नापेक्षा खर्च जास्त असलेल्या घरात महिनाअखेरीस खडखडाट असतोच असे नाही. अंधेरी किंवा मुलुंडच्या पगारदार घरात महिन्याच्या सुरुवातीला पगार जमा होतो, दहा तारखेच्या आत हप्ते परस्पर कापले जातात आणि उरलेल्यात किराणा, लाइटबिल, रेल्वेचा पास भागतो. कमी पडले तर कार्ड आहेच. मुलांची फी वेळेवर जाते आणि तूट कोणाला दिसत नाही, कारण ती पुढच्या वर्षांच्या पगारावर ढकललेली असते.

बहुतेक घरांत याची सुरुवात फ्लॅटपासून होते. हसमुखभाई पारेख यांनी 1977 मध्ये एचडीएफसी स्थापन केली. तिचे पहिले गृहकर्ज 1978 मध्ये मालाडच्या एका घरासाठी दिले गेले. त्या घराच्या किमतीतला मोठा वाटा कर्जदाराचा स्वतःचा होता. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि 75 लाखांवरचे 75 टक्क्यांपर्यंत देता येते. शिवाय मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के आणि नोंदणी शुल्क 30 हजार. कोटीच्या फ्लॅटवर हेच 6 लाख 30 हजार होतात. स्वतःचा वाटा आणि हे शुल्क जमवायला पीएफमधून उचल घेतली जाते, बायकोचे दागिने तारण ठेवले जातात, सासऱ्यांकडून उसने आणले जातात. बँकेचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीच घरावर दुसरे कर्ज चढलेले असते आणि ते कुठल्याच हिशेबात धरले जात नाही.

हप्ता झेपतो की नाही हे घेतेवेळच्या व्याजदरावर ठरवले जाते. मे 2022 मध्ये 4 टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 टक्क्यांवर गेला. 7 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलेल्या 40 लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 31 हजार बसतो. दर 9.5 टक्के झाला की वर्षभर फेडलेल्या त्याच कर्जाचे नुसते व्याजच जवळजवळ तेवढे होते. अशा वेळी मुदत लांबते किंवा हप्ता वाढतो. मुदत लांबली तर घरात कोणाला काही जाणवत नाही. निवृत्तीनंतरही हप्ते शिल्लक राहणार हे फार उशिरा कळते.

पुनर्विकासाने आणलेल्या खर्चाबद्दल मात्र फारसे बोललेच जात नाही. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या म्हाडा वसाहतींतल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतींत मेंटेनन्स किरकोळ असे. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, पार्किंग आणि तीन पाळ्यांचे वॉचमन यांचा खर्च आला आणि मेंटेनन्सची आकारणी बऱ्याच ठिकाणी चौरस फुटांवर होऊ लागली. घर मोठे झाले, पेन्शन तेवढेच राहिले. त्यात नव्या घराला शोभेल असे फर्निचर हवेच, आणि तेही हप्त्यांवर.

कार्डाचे गणित जवळून पाहण्यासारखे आहे. 50 हजारांच्या बिलावर किमान भरणा 5 टक्के, म्हणजे 2,500 रुपये, आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. व्याजाचे 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी 315. मुद्दलातून फिटले फक्त 435. बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तरीही ‘कार्डाचे पैसे भरले’ असेच त्या घरात म्हटले जाते आणि ते मनापासून म्हटलेले असते.

ही तूट नजरेआड होण्याचे मोठे कारण म्हणजे सगळा हिशेब पाहणारे कोणी उरलेले नाही. पूर्वी ‘कालनिर्णय’च्या चौकटींत दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिली जाई. घराची वही एकाच्या, बहुधा आईच्या, हातात असे. आता दोन पगार आहेत, दोन फोन आहेत. 2016 मध्ये यूपीआय आल्यापासून दोघेही दिवसातून अनेकदा पैसे देतात, पण एकमेकांचे खर्च दोघांपैकी कोणालाच पुरते ठाऊक नसतात.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार 2022-23 मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या सुमारे 5 टक्क्यांवर आली. हा काही दशकांतला नीचांक होता. त्यातला काही भाग घरखरेदीत गेला, तेव्हा सगळीच घट उधळपट्टी नव्हे. पण नोव्हेंबर 2023 मध्ये वैयक्तिक कर्जे आणि कार्डांच्या थकबाकीवरील जोखीमभार वाढवून रिझर्व्ह बँकेनेही चिंता दाखवून दिली.

घरातली तूट मोजायला महिना अपुरा पडतो. विम्याचा हप्ता, जूनमधली शाळेची फी, गणपतीला कोकणात जाणे, लग्नसराईचा आहेर हे वर्षातून एकदा येतात आणि प्रत्येक वेळी ‘यंदाचा जास्तीचा खर्च’ म्हणून सोडून दिले जातात. ते येणारच असल्यामुळे त्यांची बेरीज बाराने भागून दरमहाच्या खर्चात धरावी लागते. दुसरे माप 31 मार्चच्या एकूण देण्याचे. ते गेल्या वर्षापेक्षा वाढले असेल आणि त्या बदल्यात घर, सोने किंवा ठेव वाढली नसेल, तर वाढ तेवढा जास्तीचा खर्च झालेला असतो. बँकांची आणि कार्डांची देणी पतअहवालात एकत्र दिसतात. तो प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. ऑफिसच्या पतपेढीचे कर्ज त्यात अनेकदा नसते. भिशीची उचल आणि नातेवाइकांचे उसने तर नसतेच. ही देणी स्वतःच लिहून बेरजेत मिळवावी लागतात.