शहाद्याचा रानपिंगळा आणि मांडवीची खोटी चिठ्ठी

पिंगळ्यांच्या ज्या प्रजातीस पक्षिशास्त्रात 'अथीनी' म्हणतात, तिचा विस्तार यूरोपपासून अमेरिकेतल्या बिळांत राहणाऱ्या घुबडांपर्यंत आहे, आणि चिंचेच्या ढोलीतला ठिपकेदार पिंगळा तर वाचकांच्या नित्य परिचयाचा. परंतु माझे दीर्घकाळचे कुतूहल गुंतले आहे ते सातपुड्याच्या रानपिंगळ्यात.

१८७२ च्या डिसेंबरात, आज छत्तीसगडात असलेल्या फुलझर मुलखात ब्ल्यूइट यांना जो पहिला नमुना मिळाला, तो पाहून अॅलन ह्यूम यांनी १८७३ साली, थोराड कवटी, जवळजवळ ठिपकेविरहित माथा आणि शेपटीवरचे रुंद पांढरे पट्टे ध्यानी घेऊन, 'हेटेरोग्लॉक्स' ही स्वतंत्र प्रजातीच कायम केली. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अंमलदाराने १८८० ते १८८३ दरम्यान खानदेशात, शहादे-तळोद्याच्या रानांत, आणखी काही नमुने जमवून ते ठिकाण-तारखेनिशी नोंदवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दृष्टीआड झाला. जगातल्या संग्रहालयांत त्याची अवघी सात कातडी उरली.

त्या सातांपैकी एकाच्या पायाला कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांची चिठ्ठी होती : तापीकाठचे मांडवी, गुजरात, १९१४. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ते कातडे उकलून आतली भरण आणि शिवण तपासली, तेव्हा त्याची मूळ धाटणी डेव्हिडसनच्या हातची निघाली. ब्रिटिश म्युझियममधला त्याचा नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. हा निष्कर्ष १९९९ साली छापला गेला. ज्या शास्त्राचा सारा कारभार चिठ्ठीवरील विश्वासाने चालतो, त्यात याहून हीन कृत्य मला आठवत नाही, कारण एका खोट्या दाखल्याने त्या पक्ष्याचा प्रदेश आणि त्याचा शेवटचा काळ दोन्ही चुकवले.

मांडवीचा दाखला बाद ठरवून, डेव्हिडसनसारख्यांच्या प्रामाणिक नोंदींचा माग काढीत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ पोचले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा दिसला, तोही भर सकाळी, पानगळ झालेल्या फांदीवर. कारण निशाचरांच्या या कुळात हा पुष्कळसा दिवसा वावरणारा. त्यानंतर मेळघाट, यावल आणि २०१४ साली मुंबईनजीकचे तानसा अभयारण्य यांतूनही त्याच्या नोंदी आल्या. ह्यूमच्या स्वतंत्र प्रजातीचा दावा मात्र टिकला नाही. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने रानपिंगळ्यास 'अथीनी'तच बसवले, आणि मला तो निकाल मान्य आहे.

सागवनांत हिंडणाऱ्या वाचकांना एकच विनंती : हा पक्षी दिसल्यास ठिकाण, तारीख आणि वेळ त्याच दिवशी, पाहिली तशीच लिहून वनखात्याकडे द्यावी.